गाळाचा ढीग बसला, की धुपला?

कोकणात घरासमोर नवा भराव घातला की पहिल्या पावसात तो चार बोटं खाली जातो. जुनी माणसं बघतात आणि म्हणतात, "भराव बसला." कुणी घाबरत नाही. बसल्याशिवाय वर लादी घालू नका, असंच सांगतात. त्याच पावसात खाडीकाठच्या बांधाची माती चार बोटं खाली गेली तर मात्र शब्द बदलतो. "बांध धुपला." मग घमेलं-फावडं घेऊन सगळे धावतात. उंची दोन्हीकडे सारखीच कमी झालेली असते.

समुद्राच्या तळाशी हाच फरक ओळखायचा असतो, तोही वीस-पंचवीस मीटर पाण्याखाली. बंदरातून उपसलेला दूषित गाळ जिथे टाकून वर स्वच्छ वाळूचं किंवा मातीचं झाकण घातलेलं असतं, अशा जागांची वर्षानुवर्षं देखरेख करावी लागते. पुन्हा मोजणी झाली आणि ढिगाचा माथा अर्धा मीटर खाली आलेला दिसला, तर त्या आकड्याचे दोन अर्थ निघतात. बसला असेल तर झाकण शाबूत आहे आणि खालचा गाळ आधीपेक्षा घट्ट झालाय. धुपला असेल तर झाकण गेलंय किंवा जाण्याच्या मार्गावर आहे. नकाशावर दोन्ही ठिकाणी एकच निळा डाग उमटतो. अशा जागांबद्दलच्या बातम्यांत आणि सुनावण्यांत हा गोंधळ वारंवार होतो, आणि त्याची किंमत मोठी असते. म्हणून या दोन गोष्टी शेजारी ठेवून बघाव्यात असं फार दिवस मनात होतं.

आधी एक खरी जागा घेऊ. अमेरिकेच्या ईशान्येला कनेक्टिकटचा किनारा आणि लाँग आयलंड यांच्यामध्ये लाँग आयलंड साउंड नावाचा समुद्राचा लांबट पट्टा आहे. तिथल्या बंदरांमध्ये शतकभराच्या कारखानदारीचा गाळ साचलेला. त्यात जड धातू, तेलाचे अंश, कुठे कुठे पीसीबी नावाची विषारी रसायनं. जहाजं यायची तर गाळ उपसावा लागणार, आणि उपसला की कुठेतरी टाकावा लागणार. अमेरिकी लष्कराच्या अभियंता दलाच्या (यूएस आर्मी कोर ऑफ इंजिनिअर्स) न्यू इंग्लंड विभागाने १९७७ मध्ये अशा जागांच्या देखरेखीसाठी डॅमॉस हा कार्यक्रम सुरू केला. १९७९ मध्ये कनेक्टिकटमधल्या स्टॅमफर्ड बंदरातला धातूंनी दूषित गाळ त्याच किनाऱ्यावरच्या न्यू हेवनसमोरच्या जागेवर दोन वेगळ्या ढिगांत टाकला गेला. एका ढिगावर वाळूचं झाकण घातलं, दुसऱ्यावर न्यू हेवनमधल्या तुलनेने स्वच्छ गाळाचं. मुद्दाम झाकण घालून नंतर नीट लक्ष ठेवण्याच्या पहिल्या प्रयोगांपैकी हा एक. तेव्हापासूनच प्रश्न हाच राहिला: माथा उतरला, तर का उतरला?

बसणं म्हणजे काय, ते स्वयंपाकघरातल्या मापाने सांगतो. नुकत्याच टाकलेल्या मऊ गाळात दर एक वाटी मातीच्या कणांमागे चार वाट्या पाणी आहे असं धरा. एकूण पाच वाट्या. वर वाळूचं वजन आलं, महिने गेले, आणि त्यातली एक वाटी पाणी पिळून बाहेर पडलं. उरल्या चार वाट्या. म्हणजे तीन मीटर उंचीचा ढीग दोन मीटर चाळीस सेंटीमीटरवर आला. साठ सेंटीमीटरचा फरक पडला आणि मातीचा एक कणसुद्धा कुठे गेला नाही! वाळूचा थर होता तेवढ्याच जाडीने अखंड खाली उतरला. शिवाय ढिगाच्या वजनाने त्याच्याखालचा मूळ समुद्रतळही थोडा दबतो, त्यामुळे माथा आणखी खाली येतो. हे सगळं सुरुवातीला भराभर होतं आणि नंतर मंदावतं.

एक गोष्ट मात्र दडवू नये. पिळून निघालेलं पाणी वरच्या दिशेनेही जातं, म्हणजे झाकणातून. दूषित घटकांचा बराचसा भाग बारीक कणांना चिकटून राहतो हे खरं, पण थोडा भाग पाण्यात विरघळलेला असतो आणि तो त्या पाण्याबरोबर झाकणाच्या तळापर्यंत चढतो. म्हणून झाकणाची जाडी ठरवताना या पाण्याचा हिशेब आधीच धरतात. बसणं ही चांगली खूण आहे, पण त्याकडे पाठ फिरवून चालत नाही.

धुपणं ही अगदी वेगळी गोष्ट. तिथे कण उचलले जातात. लाटेची हालचाल पाण्यात खाली साधारण तिच्या लांबीच्या निम्म्यापर्यंत पोचते. दर सहा सेकंदांनी येणारी लाट खोल पाण्यात सुमारे ५६ मीटर लांब असते, म्हणजे तिचा जोर २८ मीटरच्या आसपास संपतो, आणि त्याच्या बऱ्याच वरच तो क्षीण झालेला असतो. दर दहा सेकंदांनी येणारी लाट सुमारे १५६ मीटर लांब, तिचा हात ७८ मीटरपर्यंत जातो. लाँग आयलंड साउंड दोन्ही बाजूंनी जमिनीने वेढलेला, तिथे लांब लाटा तयार व्हायला जागाच कमी. न्यूयॉर्कबाहेर सँडी हुकच्या पूर्वेला मड डंप साइट नावाची जुनी टाकण्याची जागा होती. ती थेट अटलांटिकला तोंड करून. तिथे १९९३ मध्ये न्यूअर्क-एलिझाबेथ बंदरातला डायॉक्सिन हे विषारी रसायन असलेला गाळ टाकला आणि त्यावर सुमारे एक मीटर जाडीचं वाळूचं झाकण घातलं. ही जागा १९९७ मध्ये बंद झाली. दोन्ही ठिकाणी खोली फारशी वेगळी नसली तरी साउंडमधल्या ढिगाचा माथा उतरला तर पहिला संशय बसण्यावर जावा आणि उघड्या समुद्रात धुपण्यावर, असं मला वाटतं. अर्थात संशय म्हणजे निकाल नव्हे.

आणखी एक दुवा आहे. तो कळला की या दोन गोष्टी एकमेकींत कशा गुंतल्यात ते दिसतं. ताजा गाळ पेजेसारखा असतो, थोड्या प्रवाहानेही उठतो. तोच गाळ बसला, त्यातलं पाणी गेलं की कण एकमेकांना धरून बसतात आणि उठवायला कितीतरी जास्त जोर लागतो. म्हणजे जो ढीग बसलाय तो धुपायला अवघड. माथा खाली गेला म्हणून चिंता करणारा माणूस कित्येकदा नेमक्या त्या गोष्टीची चिंता करत असतो जी ढिगाला वाचवतेय.

मग ओळखायचं कसं? पहिलं साधन खोलीची मोजणी. आता मल्टिबीम इको साउंडर असतो. बोटीखालून तो पंख्यासारखा ध्वनी सोडतो आणि तळाचा पट्टाच्या पट्टा मोजतो. दोन वर्षांच्या नकाशांची वजाबाकी केली की कुठे किती उतरलं ते दिसतं. पण या वजाबाकीत भरती-ओहोटीची दुरुस्ती असते, बोटीचं डुलणं असतं, आणि पाण्याच्या तापमानाप्रमाणे व खारेपणाप्रमाणे बदलणारा ध्वनीचा वेग असतो. काही सेंटीमीटरचा फरक या सगळ्यात सहज हरवतो. त्यामुळे "पाच सेंटीमीटर झाकण गेलं" असं केवळ नकाशावरून कुणी म्हणत असेल, तर आधी मोजणीची चूक किती धरली होती ते विचारावं.

मोजणीत काही खुणा मात्र बोलक्या असतात. बसणारा ढीग जिथे जाड तिथे जास्त उतरतो, म्हणजे मध्यभागी, आणि कडा जवळपास जागच्या जागी राहतात. पहिल्या वर्षी जास्त, दुसऱ्या वर्षी कमी, तिसऱ्या वर्षी आणखी कमी. धुपण्याला असं वेळापत्रक नसतं. वर्षभर काही नाही आणि एका वादळानंतर एकदम फरक. शिवाय धुपलेलं सामान कुठेतरी जातं. प्रवाहाच्या दिशेला नवा पातळ थर सापडायला हवा.

आणि इथे मला सगळ्यात आवडणारं साधन येतं. अमेरिकेतल्या येल विद्यापीठाचे डोनाल्ड ऱ्होड्स यांनी १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला गाळात शिरून फोटो काढणारा कॅमेरा विकसित केला. लोखंडी चौकटीला पाचरीच्या आकाराचा डबा, पुढे काच, आत तिरका आरसा. केबलवरून तो तळाला टेकतो, काचेची पाचर हळूच गाळात शिरते, आणि गाळाचा उभा काप फोटोत येतो. साधारण वितीएवढी उंची. केक कापल्यावर थर दिसावेत तसं. वर पिवळसर-तपकिरी थर, म्हणजे तिथपर्यंत ऑक्सिजन पोचलाय. खाली करडा किंवा काळा. मधून जाणारी किड्यांची बिळं, त्यांच्या भोवती तपकिरी कडा. हा तपकिरी थर हळूहळू तयार होतो, किडे गाळ उकरून खालवर करत राहतात तेव्हा. वादळाने वरचे दोन-तीन सेंटीमीटर खरवडून नेले असतील तर तो थर गायब असतो किंवा कापल्यासारखा पातळ असतो, आणि वर चाळून उरल्यासारखे शिंपल्यांचे तुकडे पडलेले दिसतात. ढीग फक्त बसला असेल तर किडे आपल्या जागी, बिळं जागी, थर जागी. इको साउंडरला न दिसणारा फरक त्या वितभर फोटोत दिसतो.

२७ सप्टेंबर १९८५ ला ग्लोरिया हे चक्रीवादळ लाँग आयलंड ओलांडून कनेक्टिकटमध्ये घुसलं. साउंडमधल्या ढिगांची ती खरी परीक्षा. नंतरच्या पाहणीत दिसलं की ढिगांची मोठी धूप झालेली नव्हती, परिणाम वरच्या पातळ थरापुरता होता. आधीच्या मोजण्या आणि फोटो हाताशी होते म्हणून हे सांगता आलं. ते नसते तर प्रत्येक खळग्याचं खापर वादळावर फुटलं असतं.

शेवटचा पुरावा कोअरचा. पोकळ नळी गाळात उभी खुपसून वर काढतात, डेकवर लांबीत चिरतात. वर फिकी वाळू, खाली काळा, रॉकेलसारखा वास येणारा गाळ, आणि मध्ये रेघ. झाकण ठरवल्याप्रमाणे एक मीटर असायला हवं आणि नळीत एक मीटर वाळू निघाली, तर माथा कितीही उतरलेला असो, वाद संपला. खालच्या गाळातलं पाणी किती उरलंय ते प्रयोगशाळेत मोजलं की किती बसला त्याचाही हिशेब जुळतो. कोअर महाग असतात, थोड्याच जागी घेता येतात, म्हणून नकाशा आणि फोटो बघून जागा निवडायची आणि तिथेच नळी घालायची.

बसणं आणि धुपणं या दोनच खान्यांत सगळं मावत नाही, हे बॉस्टनमध्ये दिसलं. १९९७ ते २००० या काळात तिथे बंदर खोल करताना दूषित गाळ बाहेर समुद्रात न नेता बंदराच्या तळातच, जहाजांच्या वाटेखाली, निळ्या चिकणमातीत खणलेल्या खड्ड्यांमध्ये टाकला आणि त्यावर सुमारे एक मीटर वाळू घालायचं ठरलं. पहिल्या खड्ड्यात गाळाला बसायला पुरेसा वेळ मिळाला नाही. दाट पेजेवर मूठभर तांदूळ टाकले तर ते वर थोडेच राहतात? तशी वाळू जागोजागी गाळात बुडाली, कुठे झाकण जाड झालं, कुठे नीट तयारच झालं नाही. हे धुपणं नव्हतं, पाण्याने काही नेलं नव्हतं. आणि हे निव्वळ बसणंही नव्हतं. वाळू मोजून टाकली होती, तिथेच होती, पण जिथे हवी तिथे नव्हती. पुढच्या खड्ड्यांमध्ये गाळाला कितीतरी जास्त वेळ देऊन मग वाळू घातली, आणि झाकणं सुधारली. लादी घालायच्या आधी भराव बसू द्या, हेच.

चुकीच्या निदानाचा त्रास दोन्ही बाजूंनी होतो. बसण्याला धूप समजलं तर आणखी वाळू आणून ओतली जाते. पैसा जातो, झाकणावर नुकती वस्ती केलेले जीव गाडले जातात, आणि वाढलेल्या वजनाने ढीग आणखी बसतो. मग पुढच्या मोजणीत पुन्हा "धूप" दिसते! उलट धुपण्याला बसणं समजलं तर ते जास्त वाईट. गाळ उघडा पडतो, त्यात राहणारे किडे तो खातात, किड्यांना तळाचे मासे आणि खेकडे खातात, आणि जाळं टाकणाऱ्याला यातलं काही दिसत नाही. मासेमारी करणारे लोक अशा जागांबद्दल संशयी असतात आणि मला तो संशय रास्त वाटतो. त्यांना "सगळं ठीक आहे" असं सांगण्याऐवजी कोअरची ती चिरलेली नळी दाखवावी.

मुंबई बंदरातही खाड्यांमधून येणारा गाळ सतत उपसावा लागतो. आपल्याकडे उपसलेल्या गाळाच्या जागेवर देखरेख करायची तर एक गोष्ट अमेरिकेतून जशीच्या तशी उचलता येणार नाही: वेळ. आपलं वादळ वर्षातून एकदा ठरल्याप्रमाणे येतं आणि जूनपासून सप्टेंबरपर्यंत मुक्काम ठोकतं. उघड्या अरबी समुद्रावरून येणाऱ्या त्या लाटा लांब असतात, तळापर्यंत हात घालणाऱ्या. वर्षातून एकच मोजणी केली तर आठ महिन्यांचं बसणं आणि चार महिन्यांचं धुपणं एकाच आकड्यात मिसळून जाईल. एक मोजणी मे महिन्यात, नांगर उचलून होड्या किनाऱ्याला ओढायच्या आधी, आणि दुसरी ऑक्टोबरात पाणी निवळल्यावर. मग मे ते ऑक्टोबरचा फरक आणि ऑक्टोबर ते मेचा फरक वेगवेगळा वाचता येतो.