चंद्राच्या धारेने उलगडलेल्या दीर्घिका

रात्री नरिमन पॉइंटच्या कठड्यावर बसून चौपाटीकडे पाहिलं, की दूरच्या गाडीचा आधी एकच ठिपका दिसतो. गाडी जवळ आली की त्याचे दोन दिवे होतात. दिवे आधीही दोनच होते, आपली नजर तेवढी बारीक नव्हती.

जोरदार रेडिओलहरी सोडणाऱ्या, म्हणजेच रेडिओ दीर्घिकांचंही तसंच. हंस तारकासमूहातला सिग्नस ए हा स्रोत सुमारे ७५ कोटी प्रकाशवर्षांवर आहे. १९५३ साली रॉजर जेनिसन आणि आपले मृणाल कुमार दासगुप्ता यांनी इंग्लंडमध्ये दाखवून दिलं, की त्याच्या रेडिओलहरी दीर्घिकेच्या दोन्ही बाजूंना पसरलेल्या दोन ढगांतून येतात. मधल्या कृष्णविवराजवळून सुटलेले झोत हे ढग फुगवतात.

याहून दूरच्या दीर्घिकांचे ढग वेगळे कसे पाहायचे? पाच किलोमीटरवरचं रुपयाचं नाणं जेवढं दिसेल, तो कोन म्हणजे एक विकला. ९२ सेंटिमीटरच्या रेडिओलहरीने इतकं बारीक पाहायचं तर दुर्बीण कुलाब्यापासून थेट साताऱ्यापर्यंत लांब हवी!

कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या गोविंद स्वरूप यांनी त्यासाठी चंद्राला कामाला लावलं. त्यांच्या गटाने आधी कल्याणजवळ ३२ लहान तबकड्या उभारून सूर्याची निरीक्षणं केली होती. मग १९७० साली उटीच्या डोंगरउतारावर ५३० मीटर लांब, ३० मीटर रुंद दुर्बीण उभी राहिली. चंद्र आकाशात सेकंदाला जेमतेम अर्धी विकला सरकतो. त्याच्या कडेआड स्रोत गेला, म्हणजे पिधान झालं, की आलेखाची रेघ खाली येते. ती दोन पायऱ्यांनी उतरली तर ढग दोन. पायऱ्यांमध्ये चाळीस सेकंद गेले, तर चंद्राच्या वाटेवर त्यांच्यातलं अंतर वीसेक विकला. दुर्बिणीची नजर जाडीभरडी असली तरी चालतं, बारकावा चंद्राची धार देते. मला ही युक्ती कितीही वेळा वाचली तरी थक्क करते.

अशी शेकडो पिधानं नोंदली गेली. १९७५ साली स्वरूप आणि विजय कपाही यांनी मांडलं, की क्षीण, म्हणजे सरासरीने दूरचे, स्रोत आकाराने लहान दिसतात, आणि नुसत्या अंतराने त्याचा उलगडा होत नाही. विश्व पूर्वी आजच्यासारखं नव्हतं, असं त्यातून दिसत होतं. विश्व सदैव एकसारखंच असतं असं मानणाऱ्या स्थिर स्थिती सिद्धांताला हे अडचणीचं होतं, आणि त्याचे खंदे पुरस्कर्ते जयंत नारळीकर तेव्हा याच संस्थेत होते.