राजा नसलेल्या देशातला कायदा

दर उन्हाळ्यात आइसलँडमधल्या थिंगवेत्लिरच्या माळावर देशभरातून माणसं जमत. घोड्यावरून कित्येक दिवसांची वाट तुडवून आलेली, ओल्या लोकरीचा वास अंगाला असलेली. मागे आपल्या सह्याद्रीसारखाच काळ्या बेसाल्टचा कडा. उत्तर अमेरिका आणि युरेशिया हे दोन भूपट्ट इथे एकमेकांपासून दूर सरकतात, त्यातून जमीन फाटून तो तयार झाला आहे. तिथल्या खडकावर उभा राहून एक माणूस कायदा तोंडपाठ म्हणायचा. यंदा एक तृतीयांश, पुढच्या वर्षी आणखी एक तृतीयांश, असा तीन वर्षांत सगळा. हा ‘कायदा सांगणारा’ तीन वर्षांसाठी निवडलेला असे. अख्ख्या देशात पगारी अधिकारी म्हणाल तर तेवढाच.

इ. स. 930 मध्ये सुरू झालेल्या या सभेचं नाव अल्थिंग. पुढची सव्वातीनशे वर्षं आइसलँडला राजा नव्हता, पोलीस नव्हते, सरकारी तुरुंगही नव्हते. पण कायदा होता, तोही चांगला बारीकसारीक कलमांचा. न्यायालयं होती, साक्षीदार बोलावण्याच्या रीती ठरलेल्या होत्या. नव्हता तो फक्त निकाल अमलात आणणारा सरकारी हात. ते काम जिंकलेल्याने स्वतःच करायचं.

मग गरिबाने काय करायचं? त्याचा मुलगा कुणा बड्या असामीने मारला, तर भरपाई वसूल कोण करणार? यावरची तोड मला फार हुशारीची वाटते. तो आपला दावाच दुसऱ्या ताकदवान माणसाच्या हवाली करू शकत असे. दाव्याला किंमत असल्यामुळे दुबळ्याचं दुःखही कुणाला तरी लढण्याजोगं वाटे.

दंड न भरणाऱ्याला पूर्ण वाळीत टाकत. त्याला जेवू घालायचं नाही, आसरा द्यायचा नाही, होडीतून पलीकडे न्यायचं नाही. त्याला कुणी मारलं तर तो गुन्हाही नाही. ज्या बेटावर थंडीत शेजाऱ्याशिवाय निभाव लागत नाही, तिथे ही शिक्षा बेडीपेक्षा जड होती. 1980च्या सुमारास अमेरिकी राज्यशास्त्रज्ञ रॉबर्ट अ‍ॅक्सेलरॉड यांनी संगणकावर निरनिराळ्या डावपेचांच्या स्पर्धा घेतल्या. दर फेरीत समोरच्याला साथ द्यायची की दगा, एवढंच ठरवायचं. तेव्हा ‘जशास तसे’ हा अगदी साधा डाव जिंकला. पुन्हा पुन्हा गाठ पडणार असेल तर दगाबाजी परवडत नाही, हे त्यातून दिसलं. आइसलँडचे शेतकरी त्याच हिशेबाने जगत होते.

वाळीत टाकणं म्हटल्यावर आपल्याला जातपंचायती आठवतात आणि अंगावर काटा येतो. आंतरजातीय लग्न केलं म्हणून कुटुंबाशी बोलणं बंद, मयताला खांदा द्यायलाही कुणी नाही. ते थांबवायला महाराष्ट्राला 2016 मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा करावा लागला. हत्यार तेच, पण थिंगवेत्लिरला आधी आरोप उघड्यावर सांगावा लागे, आणि रीत चुकली तर खटला बाद होई. फिर्यादी, न्यायाधीश आणि शिक्षा देणारा गट एकच झाला, की कायद्याचं नाव उरतं आणि दहशत सुरू होते.

आइसलँडची घडी सरकार नव्हतं म्हणून लगेच विस्कटली नाही. शेतकरी आपला पुढारी स्वतः निवडी. तो पटला नाही तर दुसऱ्याकडे जाई. पुढारीपण मात्र विकत घेता येत असे, वारशानेही मिळे. तीसपेक्षा जास्त असलेली ही पदं तेराव्या शतकापर्यंत मोजक्या घराण्यांच्या हाती गेली. पुढारी बदलायला जागाच उरली नाही, आणि सभेला मोठमोठ्या फौजा घेऊन येणाऱ्यांवर दावा लावायचा तरी कुणाच्या बळावर? माझ्या मते कायद्याचं राज्य संपलं ते इथे. सगळ्यात बलवान माणसालाही जाब द्यायला उभं करता आलं, तरच त्याला कायद्याचं राज्य म्हणायचं. हे सरकार नसताना जमू शकतं, आणि सरकार असून बिघडूही शकतं.

1241 मध्ये आइसलँडचे नामवंत लेखक आणि बडे पुढारी स्नोरी स्टुर्लुसन यांना रेक्होल्टच्या त्यांच्याच घरी तळघरात गाठून मारलं. मारेकरी म्हणजे गिस्सूर थोरवाल्डसन या दुसऱ्या पुढाऱ्याची माणसं, आणि पाठीशी नॉर्वेचा राजा. स्नोरी स्वतः दोनदा ‘कायदा सांगणारे’ राहिले होते.

भाऊबंदकीच्या लढायांनी थकलेल्या लोकांनी 1262 मध्ये त्याच राजाला कर देण्याचं कबूल केलं. बदल्यात करारात मागितलं ते असं: राजाने शांतता राखावी, आणि कायदा आइसलँडचाच राहू द्यावा.