वादळ ओसरल्यावर येतो बुलडोझर

वादळ ओसरलं की अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर सगळ्यात आधी कामाला लागतात ते बुलडोझर. रस्ते वाळूखाली गेलेले, घरांच्या पायऱ्या लटकलेल्या, पुळणीमागची वाळूची टेकाडं भुईसपाट. ऑक्टोबर 2012 मध्ये सँडी वादळ न्यू जर्सीला धडकलं, तेव्हा थेट न्यू यॉर्कच्या लाँग आयलंडपर्यंत हीच गत होती. अशा वेळी लोक वाळू पुन्हा समुद्राकडे ढकलून घरांपुढे बांध घालायला धावणारच. अडचण एवढीच, की त्या सपाट वाळूवर डोळा असलेला आणखी एक रहिवासी तिथे आहे.

त्याचं नाव पायपिंग प्लोव्हर, पुळणीवरचा एक चिमुकला पक्षी. आपल्याकडच्या कंठेरी चिखलूचा नातलग. वजन जेमतेम पन्नास-साठ ग्रॅम, पाठ सुक्या वाळूच्या रंगाची, विणीच्या हंगामात गळ्याशी एक काळा पट्टा. त्याचं घरटं म्हणजे वाळूतली उथळ खळगी, कधी आत शिंपल्यांचे चार तुकडे, आणि बहुधा चार ठिपकेदार अंडी. लपायला काही नाही. सारी भिस्त वाळूशी मिसळून जाण्यावर आणि शत्रू लांबूनच दिसण्यावर. म्हणून त्याला उघडी, विरळ गवताची जागा लागते. गवत माजलं, की कोल्ह्याला आयताच आडोसा मिळतो.

पिल्लांची कथा आणखी अवघड. चिमणीसारखं इथे आईबाप चोचीत घास आणून देत नाहीत. अंड्यातून बाहेर आल्यावर काही तासांतच पिल्लं स्वतः किडे टिपत हिंडू लागतात, पण उडायला पुढचे पंचवीसएक दिवस लागतात. तोवर पोट भरायचं ते पायी जाऊन. जिथे चालत पोहोचता येत नाही, तिथलं खाणं त्यांच्या लेखी नसल्यातच जमा.

आता वादळ काय करतं ते पाहा. लाँग आयलंडच्या दक्षिणेला फायर आयलंड नावाचं लांबलचक, चिंचोळं बेट आहे: एका बाजूला अटलांटिक, दुसऱ्या बाजूला उथळ खाडी. मोठ्या वादळात लाटा टेकाडं ओलांडतात आणि वाळू पलीकडे, खाडीच्या अंगाला पंख्यासारखी पसरवतात. जुनं गवत तिच्याखाली गाडलं जातं. वर मोकळं मैदान, पलीकडे खाडीकाठचा ओला, किड्यांनी भरलेला सपाट भाग, आणि मध्ये कसलीच आडकाठी नाही. प्लोव्हरच्या पिल्लांना याहून सोयीचं काय हवं? शिवाय वाळू अशी मागे सरकत राहिली तरच ही बेटं चढत्या समुद्रापुढे तग धरतात.

बुलडोझर हेच उलटं फिरवतो. पुळणीच्या खालच्या भागातला वाळूचा थर खरवडून तो वर ढीग घालतो. नवी वाळू येत नाही, असलेलीच जागा बदलते. पुळण अरुंद होते, बांध उभ्या चढाचा होतो, आणि खाडीकडची वाट बंद होते. भरतीच्या रेघेवर साचलेलं शेवाळ आणि त्यात उड्या मारणारे बारीक जीव, म्हणजे पिल्लांचं समुद्राकडचं ताट, तेही ढिगात जातं. चाकांच्या चाकोऱ्यांत पिल्लं अडकतात ती वेगळीच; धोका दिसला की ती पळायचं सोडून जागीच दबून बसतात, मागून गाडी आली तरी.

यावर नियम नाहीत असं नाही. प्लोव्हर 1986 पासून तिथल्या संकटग्रस्त प्रजातींच्या कायद्याखाली संरक्षित आहे, आणि विणीच्या हंगामात पुळणीवर यंत्रं चालवायला कडक अटी असतात. पण सँडी आलं ऑक्टोबरअखेरीस, पक्षी दक्षिणेला निघून गेल्यावर. हिवाळाभर बुलडोझर चालला तरी घरटं तुडवलं जात नाही, अंडं फुटत नाही. मार्चमध्ये पक्षी परततो तेव्हा मैदानाच्या जागी बांध असतो, एवढंच. माझ्या मते खरी गोम इथे आहे: असा हंगामी नियम पक्ष्याला जपतो, त्याच्या जागेला नाही.

जागेचं मोल किती, ते फायर आयलंडशेजारच्या बेटावरच्या वेस्ट हॅम्प्टन ड्यून्स गावात दिसलं. 1992 च्या डिसेंबरातल्या वादळाने तिथे बेट फोडलं आणि उघडी वाळू पसरवली. 1993 मध्ये तिथे प्लोव्हरच्या 5 जोड्या होत्या, 2000 मध्ये 39. मग घरं पुन्हा उभी राहिली, गवत वाढलं, आणि 2004 पर्यंत जोड्या 18 वर आल्या. शिकारी प्राण्यांचा हात त्यात असेलच, पण मोकळी जागाच आक्रसल्यावर किती जोड्या मावणार?

घरांपुढची वाळू हलवू नका, असं कोणी शहाणा म्हणणार नाही. रस्ता मोकळा झालाच पाहिजे. पण जिथे घरच नाही तिथेही सवयीने बांध घालायचा, हे मला पटत नाही. सँडीने फायर आयलंडला पाडलेल्या भगदाडांपैकी रानटी राखलेल्या भागातलं एक, बऱ्याच वादावादीनंतर, बुजवायचं नाही असं ठरलं. समुद्राचं पाणी आत येऊ लागल्याने आसपासच्या खाडीचं पाणीही सुधारलं. वस्तीच्या बाजूला मात्र 2014 पासून लष्कराच्या अभियंत्यांनी बांध घातले, आणि त्या बदल्यात काही तुकडे प्लोव्हरसाठी उघडे राखायचं ठरलं. बांधामुळे लाटा पलीकडे पोहोचत नाहीत, त्यामुळे अशा तुकड्यांवरचं गवत माणसालाच काढत राहावं लागतं.