पार्श्वभूमी : टोकियोतली सोंगांची रात्र

जपानमध्ये शिकायला गेलेली मुलं 31 ऑक्टोबरला, म्हणजे हॅलोविन या सोंगं घेण्याच्या पाश्चात्त्य सणाला, तोंड रंगवून बाहेर पडतात, ती अमेरिकी प्रथाच पाळतात असं आपण धरून चालतो. पण दारोदार फिरून खाऊ मागणं जपानमध्ये फारसं रुजलंच नाही. रुजलं ते मोठ्या माणसांनी सोंग घेणं.

धागा 1983 पर्यंत मागे जातो. त्या वर्षी टोकियोच्या हाराजुकु भागातल्या किडी लँड या खेळण्यांच्या दुकानाने हॅलोविनची मिरवणूक काढली. त्याच वर्षी नोबुयुकी ताकाहाशी यांनी एका अ‍ॅनिमे मासिकात ‘कोसुपुरे’ हा शब्द वापरला. तोच आपला कॉसप्ले, म्हणजे आवडत्या पात्राचा वेश घेणं. आणि त्याच वर्षी पंतप्रधान नाकासोने यांच्या सरकारने 1 लाख परदेशी विद्यार्थी आणायचं ठरवलं. तेव्हा ते जेमतेम 10 हजार होते. लाखाचा टप्पा गाठायला 2003 उजाडलं. या तिन्ही गोष्टींचा आपसात काडीचाही संबंध नव्हता. गाठ पडली ती पुढे, रस्त्यावर.

हॅलोविन हे नाव अनेक जपानी घरांत पोचलं ते मात्र एका मृत्यूमुळे. नागोयाचा 16 वर्षांचा योशिहिरो हात्तोरी अमेरिकेत, लुईझियानात शिकत होता. ऑक्टोबर 1992 मध्ये तो नटूनथटून हॅलोविनच्या पार्टीला निघाला, चुकून भलत्याच घरी गेला आणि घरमालकाच्या गोळीला बळी पडला. ज्यूरीने घरमालकाला निर्दोष सोडलं. सोंग घेतलेला परदेशी विद्यार्थी जपानी लोकांनी बातमीत पाहिला, तो त्यांचाच मुलगा होता.

टोकियोत याच दशकात परदेशी मंडळी सोंगं घेऊन यामानोते लाइनच्या डब्यात घुसत. ही गाडी शहराभोवती गोल फिरते, त्यामुळे उतरायची घाई नसे. जपानी प्रवासी वैतागत, आणि त्यात त्यांचं काही चुकत नव्हतं. 1997 मध्ये टोकियो डिस्नेलँडनेही हॅलोविन उचलला आणि सणाला घरंदाजपणा आला.

2010 नंतर गर्दी टोकियोच्याच शिबुया भागातल्या चौकात लोटली. 2018 मध्ये तिथे जमावाने एक छोटा ट्रक उलथवला. पुढच्याच वर्षी हॅलोविनच्या काळात रस्त्यावर दारू पिण्यावर बंदी आली. 2022 मध्ये दक्षिण कोरियात, सोलच्या इतेवॉन भागात हॅलोविनच्या गर्दीत झालेल्या चेंगराचेंगरीत दीडशेहून अधिक माणसं गेली. त्यानंतर 2023 मध्ये शिबुयाचे महापौर केन हासेबे यांनी ‘हॅलोविनसाठी इथे येऊ नका’ असं उघडच सांगितलं आणि लोकांच्या भेटीची ठरलेली जागा असलेला हाचिको कुत्र्याचा पुतळाही झाकून टाकला. टोकियोच्याच इकेबुकुरो भागात मात्र 2014 पासून कॉसप्लेचा रीतसर मेळा भरतो. सोंग घेऊन निघालेला विद्यार्थी हल्ली तिकडे वळतो.