दुर्बिणीतून गुदाशयाचे ऑपरेशन झाल्यावर: पोटावरची बॅग

मुंबईहून किंवा कोल्हापूरहून पेशंट घरी येतो तेव्हा पोटावर चार-पाच लहान जखमा दिसतात. आतले काम मात्र मोठेच असते: कॅन्सरचा भाग भोवतालच्या चरबीसकट काढून आतडे खाली पुन्हा जोडलेले असते. हा सांधा भरेपर्यंत त्यावरून मळ जाऊ नये म्हणून अनेकदा लहान आतड्याचे तोंड पोटावर उजवीकडे काढतात. तोच स्टोमा. त्यातून येणारा मळ पोटावर चिकटवलेल्या बॅगेत जमतो. बहुधा तो तात्पुरता असतो. बंद कधी करायचा ते सर्जन सांधा तपासून ठरवतात. केमो चालू असेल तर लांबते.

बॅग गळली तर आधी चकतीचे (बॅगेचा कातडीला चिकटणारा भाग) भोक पाहा. स्टोमाची सूज पहिले ६ ते ८ आठवडे उतरत असते, त्यामुळे डिस्चार्जच्या दिवशीचे माप पुढे चालत नाही. दर आठवड्याला मोजा आणि भोक स्टोमापेक्षा २ ते ३ मिमीच मोठे कापा. त्याहून मोठे ठेवले की पाचक रस असलेला पातळ मळ उघड्या कातडीवर साचतो, कातडी सोलते आणि त्या ओलसर जागी पुढची चकती धरतच नाही.

बॅग सकाळी चहापूर्वी बदला, तेव्हा मळ कमी येतो. कोमट पाण्याने धुऊन, टिपून पूर्ण कोरडे करा. खोबरेल अजिबात नको. आपल्याकडे हात सवयीने त्याच बाटलीकडे जातो. चकती लावल्यावर तळहात मिनिटभर वर ठेवा, उबेने ती घट्ट बसते. साधारण ३-४ दिवस टिकते, मे महिन्याच्या घामात त्याआधीच सुटते. बॅग एक तृतीयांश भरली की रिकामी करा. नव्या बॅगा उन्हात उभ्या गाडीत ठेवू नका.

पातळ मळातून पाण्याबरोबर मीठही जाते. शहाळ्यात सोडियम कमी, त्याने ते भरून निघत नाही. ओआरएसच घ्या (किडनी वा हृदयाचा त्रास असल्यास डॉक्टरांना विचारून). मीठ घातलेली पेज, मऊभात उत्तम, मळ घट्ट होतो. फणस, ओले खोबरे, काजू पहिले ६ आठवडे टाळा, चोथा अडकतो.

स्टोमा लालसर, ओला असतो. पुसताना थोडे रक्त दिसले तरी चालते. तो काळपट पडला, दिवसाला दीड लिटरहून जास्त मळ आला, किंवा मळ थांबून कळा-उलट्या सुरू झाल्या तर आमच्या बॅगांच्या दुकानात येऊ नका, थेट रुग्णालय गाठा.

खरेदीला येताना स्टोमाचे माप मिमीत लिहून आणि जुन्या बॅगेचे वेष्टन घेऊन या.