रीमास्टर आवृत्त्या आणि मोनो-स्टिरिओचा प्रश्न

रीमास्टर आवृत्ती : आधी प्रसिद्ध झालेल्या ध्वनिमुद्रणाची मूळ मिक्स टेप (गळे आणि वाद्ये एकत्र मिसळून तयार झालेली टेप) पुन्हा वाजवून, तिच्यावर नव्याने ध्वनिसंस्कार करून काढलेली आवृत्ती. १९६० आणि १९७०च्या दशकांतल्या रॉक अल्बमांच्या अशा आवृत्त्या सीडी आली तेव्हा निघाल्या, एलपी परतली तेव्हा निघाल्या आणि स्ट्रीमिंगसाठीही निघत आहेत. एकाच अल्बमच्या चार-पाच प्रती जपून ठेवणारे रसिक बरेच आहेत. त्यांतली अस्सल कोणती, हा वाद साठच्या दशकातल्या संगीतापुरता तरी मोनो (सगळा आवाज एकाच चॅनलवर) की स्टिरिओ (डावा आणि उजवा असे दोन चॅनल) या प्रश्नापाशी येऊन ठेपतो.

रीमास्टर आणि रीमिक्स या दोन शब्दांत नेहमी गल्लत होते. रीमास्टर करणाऱ्याच्या हाती तयार मिक्स असतो. खर्ज-तार स्वरांचा तोल, टेपची खरखर, एकूण पातळी एवढेच त्याला हलवता येते. गायकाचा आवाज मागे सारून गिटार पुढे आणायची असेल, तर वाद्ये वेगवेगळ्या ट्रॅकवर असलेल्या मल्टिट्रॅक टेपपर्यंत मागे जावे लागते, तो रीमिक्स. रीमिक्स ही जुन्या कच्च्या मालातून घडवलेली नवी कृती आहे. वेष्टनावर तसे ठळक छापणे हा श्रोत्याचा हक्क आहे, आणि अनेकदा तो पाळला जात नाही.

मोनो तबकडीची खाच फक्त आडवी डोलते. स्टिरिओ तबकडीत खाचेच्या दोन्ही भिंती पंचेचाळीस अंशांनी कललेल्या असतात आणि प्रत्येक भिंत एकेक चॅनल वाहते. दोन्हींतला समान भाग सुईला आडवा हलवतो, फरक असलेला भाग वरखाली. ही कल्पना ईएमआय कंपनीतल्या अ‍ॅलन ब्लमलाइन यांनी १९३१च्या पेटंट अर्जात मांडली होती; बाजारात स्टिरिओ एलपी यायला १९५८ उजाडले. त्यानंतरही ब्रिटनमधल्या तरुण श्रोत्यांच्या घरी एकाच स्पीकरचे रेकॉर्ड प्लेअर होते, आणि पॉप संगीत मध्यम लहरींच्या रेडिओवर, म्हणजे मोनोतच, ऐकले जाई. त्यामुळे कलाकारांचे सगळे लक्ष मोनो मिक्सवर असे.

याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण बीटल्स या ब्रिटिश बँडचे. त्यांचा पहिला अल्बम ‘प्लीज प्लीज मी’ मुख्यतः ११ फेब्रुवारी १९६३ या एकाच दिवशी, लंडनच्या अ‍ॅबी रोडवरील ईएमआय स्टुडिओत, दोन ट्रॅकच्या टेपवर ध्वनिमुद्रित झाला. एका ट्रॅकवर वाद्ये, दुसऱ्यावर गळे. निर्माते जॉर्ज मार्टिन यांना ही विभागणी हवी होती ती मोनो करताना गळा आणि वाद्ये यांचा तोल नीट साधावा म्हणून. पण तेच दोन ट्रॅक डाव्या-उजव्या चॅनलवर टाकून स्टिरिओ एलपीही काढली गेली. आज हेडफोन लावून या अल्बमचे पहिले गाणे स्टिरिओत ऐकावे आणि उजव्या कानातला बड काढावा : गायक पॉल मॅकार्टनी जवळजवळ नाहीसे होतात, उरतात ड्रम, बेस आणि गिटारी. मग डावा काढून उजवा लावावा : गाणारे मोकळ्या खोलीत उभे राहून साथीविना गात असल्यासारखे वाटतात. कुतूहल म्हणून हे मौजेचे आहे. पण एकाच बिंदूतून सगळा बँड एकवटून अंगावर येतो तो जोर इथे विरून जातो, आणि तो जोर हेच त्या गाण्याचे मर्म आहे.

‘सार्जंट पेपर’पर्यंत (१९६७) दोन्ही रूपांतले अंतर आणखी वाढले. मोनो मिक्स बँडच्या उपस्थितीत, दिवसेंदिवस खपून झाले. स्टिरिओ मिक्स मार्टिन आणि ध्वनिमुद्रक जेफ एमरिक यांनी बँड नसताना थोड्या दिवसांत उरकले. ‘शी इज लीव्हिंग होम’ मोनोत वेगाने धावते आणि सुमारे अर्ध्या स्वराने वर चढते. स्टिरिओत तेच गाणे संथ आणि काहीसे जड होते. पुढच्या वर्षीच्या पांढऱ्या वेष्टनाच्या दुहेरी अल्बममधले ‘हेल्टर स्केल्टर’ मोनोत जवळजवळ ५० सेकंदांनी आखूड आहे. ते विरते आणि संपते. स्टिरिओत विरून पुन्हा उसळते आणि शेवटी बोटांना फोड आल्याची ड्रमवादक रिंगो स्टार यांची आरोळी ऐकू येते. ज्याने फक्त मोनो प्रत ऐकली, त्याच्या लेखी ती आरोळी अस्तित्वातच नव्हती. यानंतर बीटल्सच्या अल्बमांसाठी स्वतंत्र मोनो मिक्स करणे थांबले.

अमेरिकेत बीच बॉइजच्या ‘पेट साउंड्स’ची (१९६६) कथा वेगळी. बँडचे सूत्रधार ब्रायन विल्सन यांना उजव्या कानाने जवळजवळ ऐकू येत नसे. त्यांनी अल्बम मोनोतच बांधला. त्याचा पूर्ण स्टिरिओ मिक्स १९९७ साली आला. याउलट कॅपिटॉल कंपनी साठच्या दशकात मोनो टेपचेच बनावट स्टिरिओ करत असे : एका बाजूला खर्ज वाढवायचा, दुसरीकडे तार स्वर, आणि मध्ये किंचित विलंब. ‘ड्युओफोनिक’ असे भारदस्त नाव दिलेल्या या प्रकाराने गाणी पाण्यातून आल्यासारखी ऐकू येतात. त्यात जपण्यासारखे काही नाही.

सीडीच्या काळात निराळी अडचण उभी राहिली. डिजिटल पातळीला वरची ठाम मर्यादा असते. गाणे मोठे वाटावे म्हणून लिमिटर लावून शिखरे छाटली जातात आणि हळू भाग वर ओढले जातात. दोन प्रती लागोपाठ ऐकल्या की मोठी प्रतच कानाला सरस वाटते, म्हणून तुलना करताना आधी आवाज सारखा करून घ्यावा. बहुतेक वेळा तिथेच निकाल फिरतो. स्टूजेस या अमेरिकी बँडच्या ‘रॉ पॉवर’चा (१९७३) त्यांचे गायक इगी पॉप यांनी १९९७ साली केलेला रीमिक्स इतका चढा आहे की त्यात वरखाली होण्यास जागाच उरत नाही. २०१०च्या आवृत्तीत डेव्हिड बोवी यांचा जुना मिक्स परत आणला गेला.

बीटल्सच्या सीडी १९८७ साली आल्या तेव्हा पहिले चार अल्बम मोनोत होते. ९ सप्टेंबर २००९ रोजी सगळा संग्रह स्टिरिओ संचात निघाला, आणि मोनो मिक्स असलेली मुद्रणे वेगळ्या मोनो संचात. चार वर्षांच्या या कामात ५२५ मिनिटांच्या संगीतापैकी पाच मिनिटांहून कमी भागावर खरखर काढण्याचे तंत्र वापरले गेले. मोनो संचावर लिमिटर लावला नाही. हा संयमच त्या संचाचे मोठेपण आहे. २०१७पासून जॉर्ज मार्टिन यांचे पुत्र जाइल्स मार्टिन मूळ अल्बमांचे रीमिक्स करत आहेत. ‘सार्जंट पेपर’साठी त्यांनी मोनोलाच आधार मानले. २०२२च्या ‘रिव्हॉल्व्हर’मध्ये एकाच ट्रॅकवर मिसळलेली वाद्ये चित्रपट दिग्दर्शक पीटर जॅक्सन यांच्या चमूच्या संगणकीय तंत्राने सुटी केली गेली. त्यामुळे ड्रम आणि गिटार एकत्र अडकून राहिल्या नाहीत.

इतक्या आवृत्त्यांमागे व्यापार आहेच, कायदाही आहे. युरोपीय संघाने प्रसिद्ध ध्वनिमुद्रणांचे संरक्षण ७० वर्षांवर नेले, पण पन्नास वर्षांत प्रसिद्ध न झालेल्या मुद्रणांना तो लाभ नाही. म्हणून मुदत संपण्याआधी कपाटातल्या टेप घाईने बाहेर येतात. डिसेंबर २०१३मध्ये बीटल्सची १९६३ची मुद्रणे तशीच आली.

या इतिहासाचे एक पान मुंबईत लिहिले गेले. जानेवारी १९६८मध्ये बीटल्सचे जॉर्ज हॅरिसन ‘वंडरवॉल म्युझिक’ या चित्रपटसंगीताच्या अल्बमसाठी एचएमव्हीच्या मुंबई स्टुडिओत आले. शिवकुमार शर्मा यांचे संतूर त्याच मुद्रणांतले. हॅरिसन यांनी पुढे सांगितल्याप्रमाणे मुंबईत फक्त मोनो यंत्र होते, म्हणून ग्रामोफोन कंपनीचे अधिकारी भास्कर मेनन यांनी कलकत्त्याहून दोन ट्रॅकचे स्टिरिओ यंत्र रेल्वेने आणले. याच सत्रांत ‘द इनर लाइट’ची साथ वाजवली गेली. गळा लंडनला चढवला गेला आणि मार्चमध्ये गाणे एका सिंगलच्या मागच्या बाजूला मोनोत निघाले. स्टिरिओ मिक्स झाला जानेवारी १९७०मध्ये. २००९च्या दोन संचांत हे गाणे दोन्ही रूपांत ऐकता येते.