‘मला काय वेड लागलंय?’ या प्रश्नाची जन्मकथा

थेरपिस्टला भेटून ये, असं जवळच्या माणसाने सुचवलं की तोंडून बहुधा एकच वाक्य निघतं : ‘मला काय वेड लागलंय?’ मीही तेच म्हटलं होतं. नंबर लिहिलेली चिठ्ठी पर्समध्ये टाकून मी चार महिने फिरत होते. घडी उघडायची, आकडे वाचायचे, परत घडी घालायची. शेवटी ती घडीवरच फाटली. ही भीड माझ्या स्वभावातली आहे असं तेव्हा वाटायचं. पुढे या विषयाचा इतिहास वाचत गेले तेव्हा कळलं, की त्या एका वाक्यात कितीतरी जुन्या भीती दडल्या आहेत आणि त्यातली एकही उगाच जन्मलेली नाही.

सगळ्यात जुनी भीती कोंडलं जाण्याची. लंडनचं बेथलेम १२४७ साली मठ म्हणून सुरू झालं आणि पुढे मनोरुग्णांना ठेवण्याची जागा बनलं. अठराव्या शतकात लोक तिथे पैसे देऊन आतली माणसं बघायला जात. १७७० मध्ये ही मुभा आवळली गेली, पण तोवर मनाचा आजार उघडा पडला की माणसाचं काय होतं, हे सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं होतं. पॅरिसच्या बिसेत्र रुग्णालयात १७९७ मध्ये रुग्णांच्या साखळ्या काढल्या गेल्या. त्याचं श्रेय डॉक्टर फिलिप पिनेल यांना मिळालं, चित्रंही त्यांचीच निघाली. प्रत्यक्षात ते काम केलं होतं तिथले व्यवस्थापक झाँ-बाप्तिस्त प्यूसाँ यांनी. प्यूसाँ स्वतः गंडमाळेचा, म्हणजे मानेतल्या गाठी सुजण्याच्या आजाराचा, रुग्ण म्हणून त्याच रुग्णालयात आले होते आणि मग तिथेच कामाला राहिले. साखळी काढायला पुढे झालेला माणूस त्या खाटांवरून उठून आलेला होता, हे मला फार मोलाचं वाटतं.

बोलून बरं होण्याची कल्पना वेगळ्याच वाटेने आली. १८८० साली व्हिएन्नात एकवीस वर्षांची एक मुलगी आजारी वडिलांची शुश्रूषा करता करता स्वतःच खचली. हातपाय लुळे पडत, कधी मातृभाषा जर्मन सुचेनाशी होई आणि ती फक्त इंग्रजीत बोले. डॉक्टर योसेफ ब्रॉयर तिच्याकडे येऊन बसत आणि ऐकत. मनात साचलेलं बोलून झालं की तिला काही काळ हलकं वाटे. या प्रकाराला ‘टॉकिंग क्युअर’ हे नाव तिनेच दिलं, आणि गमतीत ‘धुराडं झाडणं’ असंही ती म्हणे. आज जगभर ज्याला थेरपी म्हणतात, त्याचं पहिलं नाव एका रुग्ण मुलीच्या तोंडचं आहे. ब्रॉयर आणि सिग्मंड फ्रॉइड यांनी १८९५ मध्ये तिची हकिकत छापली ती ‘अ‍ॅना ओ.’ या टोपणनावाने. तिचं खरं नाव बेर्था पापेनहाइम. पुढे तिने १९०४ मध्ये ज्यू स्त्रियांची संघटना उभारली, आयुष्यभर समाजकार्य केलं. अ‍ॅना ओ. म्हणजे तीच, हे जगजाहीर झालं १९५३ मध्ये, तिच्या मृत्यूनंतर सतरा वर्षांनी.

या हकिकतीत एक गोष्ट छापील पानांवर आली नाही. ब्रॉयरचे उपचार १८८२ मध्ये थांबले तेव्हा ती पूर्ण बरी नव्हती, त्यानंतरही तिला आरोग्यधामात राहावं लागलं. ‘चार वेळा गेले, काही झालं नाही, म्हणजे थेरपीचा उपयोग नाही’ असं कुणी म्हणालं की मला ती आठवते. पहिल्याच रुग्णाचा रस्ताही सरळ नव्हता.

मग पहिलं महायुद्ध आलं. १९१५ मध्ये ब्रिटिश डॉक्टर चार्ल्स मायर्स यांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ‘शेल शॉक’, म्हणजे तोफगोळ्याचा धक्का, या नावाने सैनिकांची अवस्था मांडली : आठवण हरवलेली, नजर बिघडलेली, वास आणि चव गेलेली. याच युद्धात पळून जाणं, भेकडपणा अशा आरोपांखाली ब्रिटिश लष्कराने तीनशेहून अधिक सैनिकांना गोळ्या घातल्या. त्यातले काही आजारी होते असं आज मानलं जातं. त्यांना माफी मिळाली २००६ मध्ये. ‘मन घट्ट कर’, ‘एवढ्यानं काय होतंय’ हे आपण ज्या सुरात म्हणतो, त्या सुराला असाही भूतकाळ आहे. मदत मागणं म्हणजे कच खाणं, हा हिशेब बाहेरच्या जगाने शिकवला आणि मग घराघरांत तो न सांगता पाळला गेला.

नोकरी आणि नाव जाण्याची भीतीही हवेतली नव्हती. १९७२ मध्ये अमेरिकेत थॉमस ईगल्टन उपाध्यक्षपदाचे उमेदवार झाले. नैराश्यासाठी आपण रुग्णालयात होतो, विजेच्या झटक्यांचे उपचार घेतले होते, हे त्यांनी मान्य केलं आणि अठराव्या दिवशी त्यांना उमेदवारी सोडावी लागली. ज्यांनी ते पाहिलं, त्यांनी आपल्या मुलांना काय सांगितलं असेल?

गुप्ततेची काळजी मात्र हळूहळू कायद्याच्या भाषेत उतरली. थेरपिस्टने ऐकलेलं बाहेर जाऊ नये हा नियम, आणि कुणाच्या जिवाला धोका असेल तर तो अपवाद. कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७६ मध्ये तारासॉफ खटल्यात, जिथे रुग्णाने थेरपिस्टला बोलून दाखवलेला खून खरोखर घडला होता, असाच अपवाद मांडला. ‘माझं बोलणं कुठे आणि कधी बाहेर जाऊ शकतं?’ हा प्रश्न पहिल्या भेटीत विचारायला अजिबात संकोच करू नये. चांगला थेरपिस्ट तो न विचारताच सांगतो.

आता शोधण्याचा गोंधळ. मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टर असतात, औषध लिहून देऊ शकतात. मानसशास्त्रज्ञ आणि समुपदेशक मुख्यतः बोलण्यातून काम करतात. ही वाटणी सुरुवातीपासून वादाची होती. डॉक्टर नसूनही बोलण्यातून उपचार करणाऱ्या थिओडोर राइक यांच्यावर व्हिएन्नात भोंदूगिरीचा आरोप झाला, तेव्हा १९२६ मध्ये फ्रॉइड यांनी त्यांच्या बाजूने एक छोटं पुस्तकच लिहिलं. वाद पुरता मिटला नाही, आणि अजूनही बऱ्याच ठिकाणी ‘थेरपिस्ट’ ही पाटी कुणीही लावू शकतं. म्हणून शिक्षण काय, नोंदणी कुठे, कुणाच्या देखरेखीखाली काम शिकलात, हे विचारावंच.

पण पदवीने सगळं ठरत नाही. १९४२ मध्ये अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांनी समोरच्याला ‘रुग्ण’ म्हणण्याऐवजी ‘क्लायंट’ म्हणायला सुरुवात केली. शब्द रुक्ष आहे, तरी त्यात मोठा बदल होता : समोर बसलेला माणूस स्वतःच्या मर्जीने आलाय, मर्जीने जाऊ शकतो. १९५२ मध्ये मानसशास्त्रज्ञ हान्स आयझेंक यांनी थेरपीचा उपयोगच होत नाही असा दावा केला आणि संशोधकांना पुरावे गोळा करायला लावले. १९७७ मध्ये मेरी स्मिथ आणि जीन ग्लास यांनी ३७५ अभ्यास एकत्र तपासले. थेरपी घेतलेली सरासरी व्यक्ती, न घेतलेल्यांपैकी ७५ टक्के लोकांपेक्षा बऱ्या स्थितीत होती. निरनिराळ्या पद्धतींत फरक मात्र फारसा दिसला नाही. आणि मानसशास्त्रज्ञ एडवर्ड बॉर्डिन यांनी १९७९ मध्ये ज्यावर बोट ठेवलं ते दोघांमधलं नातं होतं : विश्वास, कशासाठी भेटतोय याबद्दल एकमत, आणि काम कसं करायचं याबद्दलही.

मला हे उशिरा कळलं. मी पहिल्यांदा ज्यांच्याकडे गेले, त्या भल्या होत्या, शिकलेल्या होत्या, पण त्यांच्यासमोर माझे शब्द अडत. तिसऱ्या भेटीत धीर करून मी तसं सांगितलं. त्यांना राग आला नाही. त्यांनी शांतपणे विचारलं, नेमकं कुठे अडतंय, आणि मग एका कागदावर दुसरं नाव लिहून दिलं. त्या चिठ्ठीची घडी मी जिना उतरतानाच उघडली आणि खाली पोहोचण्याआधी फोन लावला.